वाकडी ठरलेली नळी

मिस्त्रींना सगळे एकडोळे म्हणत. डोळे दोन्ही जागच्या जागी होते. पण चाळीस वर्षं डावा मिटून उजव्यानं बघायची सवय लागल्यामुळे माणसाशी बोलतानासुद्धा त्यांचा डावा डोळा अर्धा झाकलेला असे. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्यावर संशय घेतोय. तसा तो घेतच असायचा. लाकूड, लोखंड आणि माणूस, तिन्ही मुळात थोडी वाकडी असतात आणि आपलं काम ते वाकडेपण पकडायचं, असं त्यांचं ठाम मत होतं.

ते ठासणीच्या बंदुका बनवत. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची आणि गजानं ठासत बुडापर्यंत न्यायची, त्या जुन्या पद्धतीच्या. शहराबाहेरच्या मैदानावर नेमबाजी मंडळाची हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी जमत आणि शंभर पावलांवरच्या कागदी चकतीवर नेम धरत. एक गोळी उडवायची, मग दोन मिनिटं पुसत, ठासत बसायचं. ज्याला घाई आहे त्यानं त्या वाटेला जाऊच नये. अशा लोकांसाठी मिस्त्री वर्षाला दोन, फार तर तीन बंदुका करत. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता स्वतः कोरत. चाप, घोडा, कमानी, एकूण एक तुकडा कानशीनं घासून बसवत. फक्त नळी बाहेरून येई. दूरच्या एका कारखान्यातून खोक्यात पाच-सहा नळ्या येत, मिस्त्री त्यातली एक निवडत आणि बाकीच्या परत पाठवत.

खरं नाव त्यांचं त्या निवडण्यात होतं. दस्ता कोरणारे आणखी दोघं-तिघं होते. पण नळी बघावी ती एकडोळ्यांनीच, असं मंडळात म्हणत. दुसऱ्याकडे बंदूक करायला टाकलेली माणसंसुद्धा आधी नळी घेऊन त्यांच्या दारात उभी राहत.

त्यांच्या कामाच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. खिडकीच्या मधोमध एक काळा दोरा आडवा, तारेसारखा ताणून बांधलेला. त्यासमोर दोन लाकडी खुंट, वर खाच पाडलेले. नळी त्या खाचांवर ठेवायची, एका टोकाला डोळा लावायचा आणि आतून खिडकीतल्या उजेडाकडे बघायचं. दोऱ्याची सावली नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर लांब रेघ होऊन पडते. रेघ शेवटपर्यंत सरळ गेली तर नळी सरळ. कुठं मान मोडली तर तिथं नळी वाकलेली. मग ती पाव फेरा फिरवायची, पुन्हा बघायचं, पुन्हा फिरवायची. सांगायला एवढंच. पण त्या रेघेतली केसाएवढी लहर दिसायला डोळा लागतो, आणि तो डोळा मिस्त्रींकडे होता.

त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे मिस्त्री त्याचे भाऊ कमी आणि वडील जास्त. धाकटा पाण्याचे पंप दुरुस्त करायच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. हात फार चांगला. बोलणं कमी. दादा म्हणेल ती पूर्व, असं त्याचं लहानपणापासूनचं होतं. मिस्त्रींची बायको दोघांकडे बघून म्हणायची, "एक बोलून थकत नाही, दुसरा ऐकून थकत नाही. छान जमलंय तुमचं."

मंडळात एक बाई होत्या, दगडाच्या खाणीत इंजिनिअर. नेम असा, की पुरुषांनी त्यांच्या शेजारची जागा टाळावी. त्या एक दिवस मिस्त्रींकडे आल्या आणि म्हणाल्या की त्यांना अशी बंदूक हवी ज्यात कारखान्याचं काहीही नसेल. नळीसुद्धा हातची. मिस्त्रींनी सांगितलं की हातची नळी करणारा आता या भागात कुणी उरला नाही. धाकटा त्या वेळी कोपऱ्यात एक कमान घासत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "मी करून बघतो."

मिस्त्रींना ते पहिल्यांदा हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण बाई त्याच्याकडे वळून विचारू लागल्या, कसं करणार, किती दिवस लागतील, आणि धाकट्यानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणजे तो यावर वर्षानुवर्षं विचार करत होता. दादाला कधी बोलला नव्हता, एवढंच.

चौदा आठवडे लागले. मिस्त्रींच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं माणसाच्या दीडपट लांबीचा लाकडी बाक केला. भरीव पोलादी कांब बाकाला जखडून तिच्यात लांब ड्रिल घालायचं. बोटभर आत गेलं की बाहेर काढायचं, चुरा झाडायचा, तेल सोडायचं, पुन्हा बोटभर. भोक आरपार झाल्यावर ते आतून घासून एकसारखं करायचं. मग पीळ. नळीच्या आत गोळीला गिरकी मिळावी म्हणून जे आटे असतात ना, ते. त्यासाठी त्यानं एका लाकडी दंडगोलावर हातानं मळसूत्री खाच कोरली होती. तो दंडगोल त्या खाचेनं फिरत फिरत मागं आला की त्याच्या टोकाचा दाताएवढा पोलादी तुकडा नळीच्या आतून एक बारीक चीर काढायचा. ती चीर डोळ्यालाही दिसायची नाही, इतकी उथळ. दाताखाली सिगारेटच्या कागदाची पट्टी सरकवायची, दात तेवढा वर येतो, पुन्हा ओढायचं. एका आट्याला शंभर-सव्वाशे वेळा. असे सात आटे. पंपाच्या कारखान्यातून सुटला की तो थेट शेडमध्ये यायचा आणि अंधार पडेपर्यंत ओढत राहायचा. मिस्त्रींची बायको चहा घेऊन जायची आणि सांगायची, "भाऊजी, सुंभ जळतो पण पीळ जात नाही ते खरं, पण तुम्ही आधी स्वतः जळू नका." तो हसायचा. इतका हसताना त्याला तिनं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मिस्त्री शेडमध्ये फारसे गेले नाहीत. काम चालू असताना बघू नये, झाल्यावर बघावं, असं ते म्हणत. एवढं खरं, की दोनदा ते परसाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. पोराचं काही तरी चांगलं होतंय याचा आनंद होता. आणि त्याच्या तळाशी आणखी काही होतं, त्याला त्यांनी तेव्हा नाव दिलं नाही.

नळी बघायचा दिवस ठरला. बाईंना मिस्त्रींनीच बोलावलं. सकाळी अकराचा सुमार, खिडकीत उजेड उत्तम. धाकट्यानं नळी तागाच्या कापडात गुंडाळून आणली. अठपैलू, बाहेरून अजून कानशीच्या खुणा असलेली, काळपट.

मिस्त्रींनी ती दोन बोटांवर तोलली. वजन जिथं असायला हवं तिथंच होतं, पुढच्या हाताच्या किंचित पुढं. मग दोरीला टांगून बोटाच्या पेरानं टकटक केली. नळी वाजली आणि बराच वेळ वाजत राहिली. मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. मग शिशाची गोळी तोंडात बसवून त्यांनी गजानं ती हळूहळू आत ढकलली. कुठं ढिली पडते, कुठं अडते, ते गजातून हाताला कळतं. पहिल्या इंचाला जेवढा जोर लागला तेवढाच शेवटच्याला. मिस्त्री बाईंकडे बघून म्हणाले, "कारखान्याची नळी इतकी एकसारखी जात नाही." धाकट्याचे कान लाल झाले.

मग त्यांनी नळी खुंटांवर ठेवली, डावा डोळा मिटला आणि उजवा लावला.

नळी फिरवली. पुन्हा बघितलं. पुन्हा फिरवली. मधेच डोळा चोळला. शेवटी सरळ उभे राहून म्हणाले, "वाकडी आहे. मध्याच्या जरा पुढं."

धाकटा पुढं झाला, वाकला, त्यानं बघितलं. मग बोलला, "दादा, मला सरळ दिसतेय."

"मला लहर दिसते."

"पण तू फिरवलीस ना? नळी वाकलेली असेल तर फिरवल्यावर लहर जागा बदलेल. तुला ती कुठं दिसते?"

लहर जागा बदलत नव्हती. नळी कशीही फिरवली तरी ती तिथंच होती. हे मिस्त्रींच्याही ध्यानात आलं होतं आणि त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता. अर्थ न लागल्याचा त्यांना राग आला, आणि तो राग समोर जो होता त्याच्यावर निघाला.

"म्हणजे सगळीकडूनच वाकडी आहे," ते म्हणाले. "आपला तो बाब्या असतो रे. चौदा आठवडे काढलेस, तुला ती सरळच दिसणार."

बाईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. धाकट्यानं आणखी दोनदा, हळू आवाजात, तेच सांगितलं. मग त्यानं नळी उचलली, कापडात गुंडाळली, कापडाची टोकं नीट आत खोचली आणि तो बाहेर गेला. परसातून नाही, पुढच्या दारानं.

मंडळाची स्पर्धा सहा आठवड्यांवर होती. मिस्त्रींनी कारखान्यातून नळ्या मागवल्या. खोकं आलं तेव्हा खोलीत ते एकटेच होते. पहिली नळी खुंटांवर ठेवून त्यांनी डोळा लावला. मध्याच्या जरा पुढं लहर होती. फिरवली. लहर तिथंच. दुसरी घेतली. तीच गत. पाचही नळ्यांत, एकाच जागी, तीच केसाएवढी लहर.

मिस्त्री स्टुलावर बसले. पाच नळ्या एकाच ठिकाणी वाकत नाहीत, हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. पण त्या क्षणी ते कळून घ्यायचं म्हणजे काय काय कळून घ्यावं लागलं असतं, याचा त्यांना अंदाज आला असावा. ते स्वतःशी म्हणाले, आठ दिवस झोप नीट नाही, डोळा शिणलाय. नळीच्या बुडावर कारखान्याचा शिक्का होता, तपासणीचा कागद सोबत होता. त्यांनी पाचांतली वजनाला बरी होती ती घेतली आणि दस्त्यात बसवली. भावाच्या चौदा आठवड्यांना जी सूट दिली नव्हती ती त्यांनी एका शिक्क्याला दिली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

बाईंनी बंदूक घेतली, आभार मानले, स्पर्धेत तिसऱ्या आल्या. सगळं हातचं हवं होतं, हा विषय त्यांनी काढला नाही.

धाकटा काही दिवसांनी एक माणूस घेऊन आला आणि शेडमधला बाक उचलून घेऊन गेला. तो विकल्याचं मागाहून कळलं. पुढं त्यानं पंपाचा कारखानाही सोडला आणि घरापुढं पत्रा टाकून लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या करायला लागला. दोघा भावांत भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं असतं. तो यायचा, दादा कसा आहेस विचारायचा, वहिनीच्या हातचा चहा प्यायचा. फक्त कामाच्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. मिस्त्रींच्या बायकोनं एक-दोनदा नवऱ्याला सांगून पाहिलं की तुम्ही आपण होऊन काही बोला. पण नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मिस्त्री म्हणत, मी खोटं काय बोललो? नळी वाकडी होती.

अशी सहा वर्षं गेली. त्या वर्षांत मिस्त्री कारखान्याची नळी खुंटांवर ठेवून बघायचे, पण बघायचं म्हणून. दुसऱ्यांच्या नळ्या तपासायचं त्यांनी बंद केलं. कारण विचारलं तर सांगत की हल्लीच्या नळ्या बघण्यासारख्या राहिल्याच नाहीत.

मग त्यांनी न्हाणीघराच्या फरश्या बदलायला काढल्या. गवंडी तिसऱ्या दिवशी भिंत पुरी करून हात धूत होता, तेव्हा मिस्त्री आत गेले, सवयीनं डावा डोळा मिटून त्यांनी ओळी बघितल्या आणि त्याला धारेवर धरलं. चौथी ओळ वाकडी गेलीय, आंधळ्यालाही दिसेल. गवंड्यानं पाणसळ आणली आणि चौथ्या ओळीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. पाचवीवर ठेवली, तिसरीवर ठेवली. मग पाणसळ त्यांच्या हातात देऊन तो म्हणाला, "काका, फरशी काढून पुन्हा बसवतो, त्याचं काही नाही. पण त्याआधी तुम्ही डोळे दाखवून या." मिस्त्रींची बायको दारात उभी होती. तिलाही ओळ सरळच दिसत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांचा डावा डोळा झाकला आणि समोर एक कागद धरला. उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी, मध्ये एक ठिपका. ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा, म्हणाला. मिस्त्रींनी सांगितलं की ठिपक्याच्या जरा उजवीकडे रेघांना लहर आहे. डॉक्टरनं कागद उलटा फिरवला. लहर तिथंच. मग त्यानं उजवा झाकून डावा उघडला. सगळ्या रेघा सरळ.

डॉक्टर समजावून सांगत होता. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला बारीक सुरकुती पडली आहे. दुखत नाही, खुपत नाही, दोन्ही डोळे उघडे असले की दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. किती दिवसांची असेल, असं मिस्त्रींनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, नक्की सांगता येत नाही, पण जुनी दिसते, पाच-सात वर्षं तरी. आणखी काही विचारायचंय का? मिस्त्रींनी नाही म्हणून मान हलवली. तो पुढं ऑपरेशनचं, औषधाचं बोलला, ते सगळं बायकोनं ऐकून घेतलं.

रिक्षात बायको म्हणाली, "भाऊजींची नळी."

मिस्त्री म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच धाकट्याच्या घरी गेले. तो पत्र्याखाली एका फाटकाच्या चौकटीला वेल्डिंग करत होता. मोठ्या भावाला रस्त्यावरून चालत येताना बघून त्यानं काम थांबवलं. धाकट्याच्या बायकोनं खुर्ची आणून ठेवली, "दादा, बसा," म्हणाली आणि काही तरी गंभीर आहे हे ओळखून आत गेली.

मिस्त्रींनी न बसताच डॉक्टरचं सगळं सांगितलं. कागद, ठिपका, सुरकुती. शेवटी म्हणाले, "तुझी नळी सरळ होती. वाकडा मी होतो."

धाकट्यानं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. मग विचारलं, "नक्की?"

"नक्की. कुठं आहे ती? आण. दोघं मिळून बघू, डाव्या डोळ्यानं बघतो मी."

"नाही आता ती," धाकटा म्हणाला. "कापली मी."

मिस्त्रींना वाटलं, रागाच्या भरात कापली असणार. तसं असतं तर त्यांना ते सोसलं असतं. पण धाकटा सावकाश सांगायला लागला. नळी घरी आणल्यावर त्यानंही खिडकीला दोरा बांधला होता. महिनाभर रोज बघत होता. पहिल्यांदा सरळ दिसायची. मग एक दिवस त्यालाही मध्याच्या पुढं लहर दिसायला लागली. एकदा दिसली ती दिसतच राहिली.

"तू म्हणालास ना, म्हणून," तो म्हणाला. "माझ्या हातांपेक्षा तुझ्या डोळ्यावर माझा भरवसा होता. मला वाटलं, वाकडी नळी कधी कुणाच्या हातात पडली आणि कुणी ती बंदुकीला बसवली, तर भलतंच काही व्हायचं. म्हणून तीन तुकडे केले आणि भंगारात दिली."

मिस्त्री खुर्चीत बसले. समोर अर्धवट जोडलेलं फाटक होतं, त्याचे गज सारख्या अंतरावर, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. त्यांना तिथंच थांबता आलं असतं. डोळ्यानं दगा दिला, त्याला माणूस काय करणार, असं म्हणून दोघांना चहा घेता आला असता. धाकट्याच्या चेहऱ्यावर ते मान्य करायची तयारी दिसत होती. मिस्त्रींच्या मनात येऊन गेलं की एवढं पुरे. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "त्यानंतर कारखान्याच्या पाच नळ्या आल्या. पाचांतही लहर होती. त्याच जागी."

धाकट्यानं विचारलं, "फिरवून बघितलीस?"

"बघितली."

"तरी बसवलीस."

"बसवली."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"कळून घेतलं नाही," मिस्त्री म्हणाले. याहून खरं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

धाकटा उठला. फाटकापाशी जाऊन थंड झालेल्या जोडावर त्यानं उगाच बोट फिरवलं. पाठ तशीच ठेवून म्हणाला, "डोळ्याचं सांगितलंस तेवढ्यावर थांबला असतास, दादा, तर आज मी पोटभर जेवलो असतो."

भावजय चहा घेऊन आली. तिघांनी चहा घेतला. ती मुलीच्या नव्या नोकरीबद्दल काही तरी सांगत होती आणि दोघं हो-हो म्हणत होते.

मिस्त्रींनी ऑपरेशन करून घेतलं. रेघांतली लहर कमी झाली, गेली नाही. डाव्या डोळ्यानं नळी बघायचा त्यांनी महिनाभर सराव केला; पण चाळीस वर्षं झाकून ठेवलेला डोळा, तो काय एका महिन्यात शहाणा होणार. मग त्यांनी इंजिनिअरबाईंना बोलावून घेतलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. पाच नळ्यांचंही. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "लहर जागा बदलेल म्हणाले ना तुमचे भाऊ, तेव्हाच मला त्यांचं पटलं होतं. पण तुमच्या खोलीत तुमच्यापुढं कोण बोलणार?" त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. मिस्त्रींना मात्र ते वाक्य पुढं कितीतरी दिवस कुठंही, दाढी करताना, चप्पल घालताना आठवत राहिलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की लोक आपलं ऐकतात.

हातात एका बंदुकीचं काम होतं. मिस्त्री पुन्हा धाकट्याकडे गेले आणि नळी निवडायला येशील का, असं त्यांनी विचारलं. विचारताना आवाज कसा लागला ते त्यांचं त्यांनाच ओळखू आलं नाही. धाकटा रविवारी येतो म्हणाला.

रविवारी तो पुढच्या दारानं आला. सहा वर्षांनी त्या खोलीत उभा राहिला. खुंटांवर नळी ठेवली, वाकला. मिस्त्री मागं भिंतीला टेकून उभे होते. पहिली नळी त्यानं बाजूला ठेवली. दुसरी बराच वेळ बघितली, फिरवली, तीही बाजूला. तिसरी चांगली वाटत होती, निदान वजनाला. मिस्त्रींच्या ओठांवर शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. धाकट्यानं तिसरीही नको म्हटलं. चौथी घेतली, पुन्हा पुन्हा बघितली आणि म्हणाला, "ही." मिस्त्रींनी का म्हणून विचारलं नाही. ती घेतली आणि तीच बसवली.

अशा तीन बंदुका झाल्या. दर वेळी धाकटा यायचा, निवडायचा, हात धुवायचा. वहिनी जेवून जा म्हणायची. पहिल्या दोन वेळा तो थांबला नाही, तिसऱ्या वेळी थांबला. जेवताना दोघं भाऊ लाकडाबद्दल, पत्र्याच्या गळतीबद्दल बोलले. मिस्त्रींनी एकदा धीर करून सांगितलं की शेड रिकामीच आहे, बाक पुन्हा करता येईल, लाकूड मी आणतो. धाकट्यानं दोन्ही पंजे ताटावर धरून दाखवले. वेल्डिंगनं बोटांची टोकं जाड झाली होती. "पीळ ओढताना कागदाएवढा फरक हाताला कळावा लागतो," तो म्हणाला. "आता यांना कळत नाही." तो तक्रारीनं बोलला नव्हता. मिस्त्रींच्या बायकोनं त्याला आणखी वाढलं, तेवढंच तिला सुचलं.

तिसऱ्या बंदुकीच्या वेळी बाई मुद्दाम आल्या होत्या. धाकटा निघत असताना त्यांनी त्याला दारात गाठलं. जुनी बंदूक आहे तशीच आहे, म्हणाल्या, पण मला अजून ती सगळी हातची हवी आहे. वर्ष लागू दे, दोन लागू दे. तुम्ही एक नळी करून द्याल का?

धाकट्यानं खाली बघितलं, मग बाईंकडे. मिस्त्री खोलीतून ऐकत होते. हातातली कानस त्यांनी खाली ठेवली होती.

"बघू," धाकटा म्हणाला.

बाईंना ते होकारासारखं वाटलं असावं. त्या खुशीत गेल्या. मिस्त्रींना तसं वाटलं नाही. वडील असल्यापासून त्या घरात कुणाला तोंडावर नाही म्हणत नसत, बघू म्हणत. त्यांनी कानस उचलली आणि चापाची कड घासायला घेतली.

पुढच्या वर्षी मिस्त्रींनी काम थांबवलं. हत्यारं मंडळाला दिली. धाकट्यानं त्यानंतर पुष्कळ फाटकं केली, शाळेचं केलं, दवाखान्याचं केलं, खुद्द मिस्त्रींच्या घराचंही करून दिलं. नळी पुन्हा केली नाही.